वळण आणि अवतार

मराठीत 'वळण' हा शब्द मोठा विलक्षण आहे. घाटातल्या रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, आणि मुलीला वळण लावावे लागते. मुलग्यालाही ते लावतात, नाही असे नाही. परंतु त्याच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ अभ्यास, व्यसने, संगत एवढ्यापुरता राहतो. मुलीच्या बाबतीत तो केसांच्या भांगापासून पायातल्या चपलेपर्यंत उतरतो. अक्षराचे वळण कशासाठी घटवायचे? तर लिहिलेले दुसऱ्याला विनासायास वाचता यावे म्हणून. मुलीच्या वळणाचा हेतूही बहुधा हाच असावा. पाहणाऱ्याला ती चटकन वाचता यावी, अडखळायला होऊ नये. आणि जी तशी वाचता येत नाही तिच्यासाठी मराठी आईजवळ दुसरा एक शब्द तयार असतो, तो म्हणजे 'अवतार'. देवाने घेतला तर पूजनीय, मुलीने घेतला तर "काय हा अवतार!"

आम्ही दोघी गेली अनेक वर्षे तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींशी आमचा संबंध येतो, म्हणजे सोळा ते एकोणीस या वयाशी. पालकसभेला येणाऱ्या आया गुणांबद्दल फारसे विचारत नाहीत. विषय थोडा रेंगाळला की त्या खुर्ची जरा पुढे ओढतात आणि आवाज उतरवून म्हणतात, "मॅडम, जरा तिच्या राहणीचं बघा. तुमचं ऐकेल ती." या तक्रारीचे स्वरूप आमच्या डोळ्यांदेखत बदलले आहे, आणि त्या बदलाविषयीच आम्हाला येथे लिहायचे आहे.

पूर्वीची तक्रार सरळ होती. कपडा तंग आहे, आखूड आहे, बिनबाह्यांचा आहे, ओढणी घेत नाही. थोडक्यात, दिसू नये ते दिसते. आज जी मुलगी आईच्या डोळ्यांत खुपते तिचा वेष नीट पाहावा. अंगात थोरल्या भावाच्या मापाचा काळा टी-शर्ट, जवळजवळ गुडघ्यापर्यंत आलेला. खाली तितकीच ढगळ पँट. पायात जाड तळव्याचे बूट. केस मानेपर्यंत कापलेले आणि त्यात एखादी निळसर वा तांबूस बट. कानाला एका भोकाऐवजी तीन भोके. कपाळ कोरे. या मुलींना कोरियन गाण्यांचे वेड आहे. २०१३ साली सेऊलमध्ये पदार्पण केलेल्या 'बीटीएस' या सात मुलांच्या चमूची चित्रे त्यांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर असतात, आणि हा वेष पुष्कळसा तिथून, मोबाइलच्या वाटेने, आमच्या एसटी स्टँडापर्यंत पोहोचला आहे.

आता या वेषात दिसते काय? मनगट, मान आणि चेहरा. आजीच्या नऊवारीत याहून अधिक अंग उघडे असे. शालीनतेचा निकष अंग झाकण्याचा असेल तर या मुलींना बक्षीस मिळायला हवे. तरीही आई अस्वस्थ आहे, आणि तिची अस्वस्थता आखूड कुर्त्याच्या वेळेपेक्षा कमी नाही, कदाचित अधिकच आहे. नेमके काय खटकते असे विचारल्यावर थोडा वेळ इकडचे तिकडचे होते आणि मग उत्तर येते : "मुलगी वाटत नाही हो."

हे वाक्य आम्ही इतक्या जणींकडून ऐकले आहे की ते एका व्यक्तीचे राहिलेले नाही. त्यातून एक गोष्ट उघड होते. पूर्वी दिसण्यावर आक्षेप होता, आता न दिसण्यावर आहे. म्हणजे प्रश्न लज्जेचा कधी नव्हताच. प्रश्न ओळख पटण्याचा होता. मुलगी पाहताक्षणी मुलगी वाटली पाहिजे, आणि तीही काही वर्षांनी कांदेपोह्यांचे ताट घेऊन बाहेर येऊ शकेल अशी. मापात बसणारी, पण माप दाखवणारी नव्हे. वधूवर सूचक मंडळाच्या फोटोत शोभेल इतके केस, इतकाच रंग, इतकेच हसू. ढगळ टी-शर्टातली मुलगी या परीक्षेला बसायचेच नाकारते आहे असे आईला वाटते. मुलीच्या मनात तसे काही असेलच असे नाही. पुष्कळदा तिला फक्त ते गाणे आवडलेले असते.

यावर एक नेहमीचा प्रतिवाद असतो, 'आमच्या वेळी असं नव्हतं'. होते. फक्त कपडे निराळे होते. आज जिला आपण आजी म्हणतो ती पाचवारी गोल साडी नेसू लागली तेव्हा पुष्कळ घरांतून नऊवारी नेसणाऱ्या सासवांनी तोंडे वाकडी केली होती. आणि आजची आई, म्हणजे आमच्याच वयाची, चाळिशीतली बाई, महाविद्यालयात जाताना पंजाबी ड्रेससाठी भांडलेली आहे. नावातच परकेपण असलेला हा वेष. 'पंजाबी' म्हणजे आपला नव्हे, हे नाव ठेवतानाच सांगून टाकले होते. शहरांत तो आधी रुळला. आमच्यासारख्या गावांत १९९०च्या दशकातदेखील तो घालून येणाऱ्या मुलीकडे लोक वळून पाहत. आज तोच वेष सोज्वळपणाचा नमुना आहे, आणि 'निदान पंजाबी ड्रेस तरी घाल' अशी विनवणी ऐकू येते. गाऊनची गोष्ट तर आणखी गमतीची. सकाळी दूध घ्यायला दाराशी आलेली मराठी गृहिणी गाऊनवर ओढणी टाकते, आणि त्या ओढणीने तो विलायती झगा आपल्या संस्कृतीत सामील होतो. असो.

ही उदाहरणे हसण्यासाठी दिली असली तरी पोशाखाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. 'कपड्यात काय आहे, अभ्यासाकडे लक्ष द्या' असे आमचे काही सहकारी म्हणतात, तेव्हा त्यांना आम्ही महाडची आठवण देतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. मनुस्मृतीचे दहन झाले ती हीच परिषद. आयुष्यातली एवढी मोठी लढाई चालू असताना हा माणूस बायकांशी लुगड्याविषयी बोलला. लुगडे नेसण्याची तुमची रीत आणि गळ्या-हातांतले जड दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाका, असे त्यांनी सांगितले. मुलींना शिकवा हेही त्याच भाषणात सांगितले. परिषद संपवून घरी परतण्यापूर्वीच अनेक स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली, आणि चित्रे व टिपणीस या कुटुंबांतील स्त्रियांनी त्यांना त्यात मदत केली.

या प्रसंगाचे वजन कळायचे असेल तर बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचावे. लुगड्याचा काठ निऱ्यांतून दिसू द्यायचा की आत दडवायचा, हेही जात ठरवत असे. सवर्ण बाईने काठ मिरवायचा, महार बाईने तो लपवायचा. बोटभर रुंदीचा तो काठ. ज्या समाजात एवढ्याशा काठावर कोण कोणाच्या वर हे लिहिलेले होते, त्या समाजात 'कपड्यात काय आहे' असे विचारणे हा एकतर भाबडेपणा असतो किंवा सोय. महाडला त्या बायकांनी जे केले ते फॅशन म्हणून नव्हते हे उघड आहे, आणि निळ्या बटेची तुलना आम्ही त्याच्याशी करत नाही. सांगायचे एवढेच की, अंगावरचे वस्त्र हे वाचले जाते, आणि ते कोणी कसे वाचायचे यावरून आपल्याकडे माणसे जगली-मेली आहेत.

केसांचेही तेच. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० साली 'करमणूक'मधून येऊ लागली. तिच्यातल्या यमूवर पती गेल्यानंतर जे कोसळते त्याचा सर्वांत असह्य भाग केशवपनाचा आहे. हा भाग शिकवताना वर्ग शांत होतो. मुलींना त्या वपनातली हिंसा समजावून सांगावी लागत नाही. स्वतःच्या डोक्यावरच्या केसांवर दुसऱ्याची सत्ता असणे म्हणजे काय, हे त्यांना आपापल्या घरच्या सौम्य आवृत्तीतून ठाऊक असते. तेव्हा केस काढायला लावले, आता कापू देत नाहीत. उलट्या दिशेची ही दोन टोके, पण कात्री एकाच्याच हातात. त्याही आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'मध्ये पुरुषांना खडसावले होते की, तुम्ही साहेबाचा पेहराव उचललात तेव्हा तुमचा धर्म कुठे गेला होता? या प्रश्नाला अद्याप समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. आमच्या वर्गातली मुलगे हिवाळ्यात इंग्रजी अक्षरे छापलेले झिपरे जॅकेट घालून येतात. त्याबद्दल कोणाच्या आईने आवाज उतरवून काही सांगितल्याचे आम्हाला स्मरत नाही.

भाषेच्या अध्यापक असल्यामुळे आमचे लक्ष शब्दांकडे अधिक जाते. मुलीच्या नटण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा : नखरा, थेर, सोंग, चाळे, नटवी, भवानी, उठवळ, छचोर. मोकळे केस म्हणजे झिंज्या. मुलगा मात्र ऐटदार, रुबाबदार, आणि आता 'एक नंबर'. मुलीसाठी कौतुकाचे शब्द नाहीत असे नाही, परंतु ते सगळे सोज्वळ, साधी, नाकासमोर चालणारी या अंगाने जातात. म्हणजे मुलीने स्वतःच्या दिसण्यात काही बुद्धी, काही निवड, काही गंमत घातली, तर तिला चांगले म्हणायला मराठीजवळ शब्दच नाही. म्हणून तर त्या 'स्टाइल' म्हणतात. 'शैली' हा शब्द आम्ही मर्ढेकरांसाठी राखून ठेवला आहे!

आईची बाजू येथे मांडायलाच हवी, आणि ती थोडीथोडकी नाही. मुलगी सकाळी साडेसहाच्या एसटीने निघते, संध्याकाळी अंधार पडताना परत येते. स्टँडवर कोण उभे असते, बसमध्ये गर्दीचा फायदा कोण घेतो, हे आईला माहीत आहे, कारण तीही त्याच बसने गेलेली आहे. शिवाय मुलीचे काही वाकडे झाले तर बोल कोणाला लागणार हेही तिला पक्के ठाऊक आहे. 'आईने वळण लावले नाही' असे गाव म्हणते. बापाने लावले नाही असे कोणी म्हणत नाही. म्हणजे मुलीच्या वेषाची परीक्षा प्रत्यक्षात आईचीच असते. सासू, जाऊ, शेजारीण, भिशीतल्या बायका हे तिचे परीक्षक. या परीक्षेत नापास होण्याचे तिला भय वाटते, यात तिचा दोष आम्हाला दिसत नाही.

आमचा मतभेद पुढे सुरू होतो. हे भय आई भय म्हणून बोलत नाही. 'मला भीती वाटते' असे म्हणण्याऐवजी ती 'तुला लाज वाटत नाही का' असे म्हणते. पहिल्या वाक्यात आई आणि मुलगी एका बाजूला असतात आणि स्टँडवरचा टवाळ दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या वाक्यात आई टवाळाच्या शेजारी जाऊन उभी राहते. तिला तसे करायचे नसते. मुलीला मात्र तसेच ऐकू येते, आणि याचा परिणाम आम्ही महाविद्यालयात रोज पाहतो. अनेक मुलींच्या पिशवीत कपड्यांचा दुसरा जोड असतो. घरून निघताना एक वेष, महाविद्यालयाच्या प्रसाधनगृहात दुसरा, परतताना पुन्हा पहिला. दोन्ही वेषांत तीच मुलगी, परंतु त्यांतल्या एका मुलीची आईशी ओळख नाही.

आणि समजा, या दुसऱ्या वेषात असताना कोणी तिचा हात धरला, कोणी मागे लागले, कोणी फोटो काढून धमकावले, तर ती कोणाला सांगेल? आईला सांगायचे म्हटले तर आधी कपड्यांचा जबाब द्यावा लागणार. 'काय घातलं होतंस?' हा पहिला प्रश्न असणार हे तिला पाठ आहे, कारण सोळा वर्षांत प्रत्येक प्रसंगी तो तिने ऐकलेला आहे. म्हणून ती सांगत नाही. मैत्रिणीला सांगते, मैत्रीण आम्हाला सांगते, तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. जिच्या रक्षणासाठी एवढे बजावले तिला नेमक्या गरजेच्या वेळी आईपर्यंत पोहोचण्याची वाट बंद. संस्कृतीची हानी होते की नाही ते आम्हाला सांगता येणार नाही. ही हानी मात्र आम्ही पाहिली आहे. अशा प्रकरणांत घराचा ठरलेला उपाय म्हणजे मुलीचे शिक्षण थांबवणे, आणि वर्षाच्या मध्येच हजेरीपटावरून काही नावे नाहीशी होतात त्यांच्यामागे ही गोष्ट असते.

भय खोटे नाही हे जुलै २०२१मध्ये उत्तर प्रदेशातून आलेल्या एका बातमीवरून पुन्हा कळले. जीन्स घालण्यावरून घरच्यांनी मारहाण केल्याने सतरा वर्षांची मुलगी मेली, असा आरोप तिच्या आईने आजोबा आणि काकांवर केला. आई मुलीच्या बाजूने होती. जीव घेणारा धोका रस्त्यावर नव्हता, उंबऱ्याच्या आत होता. 'हे तिकडे होते, आपल्याकडे नाही' असे म्हणणाऱ्यांना 'सैराट'चा शेवट आठवत नसावा. २०१६मध्ये बुलेट चालवणाऱ्या आर्चीसाठी आमच्या गावातल्या चित्रपटगृहात ज्या बायकांनी शिट्ट्या वाजवल्या, त्यांतल्या काहींनी पुढे आमच्याकडे येऊन मुलीच्या गाडी चालवण्याबद्दल कुरकूर केली.

शिक्षणसंस्थाही या बाबतीत घराहून शहाण्या नाहीत. २०२४ साली चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी यांना मनाई केली, आणि त्याच सुमारास फाटक्या जीन्स, टी-शर्ट व अंगप्रदर्शन करणाऱ्या कपड्यांनाही. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्टमध्ये हिजाब-टोपीवरील मनाईला अंतरिम स्थगिती मिळाली. न्यायालयीन बाजूविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एकीने फार झाकले म्हणून आणि दुसरीने कमी झाकले म्हणून, दोघींना एकाच दारातून परत पाठवता येते, हे पाहिल्यावर मोजपट्टी नेमकी कशाची आहे असा प्रश्न पडतोच.

आता मुलींच्या विरुद्धचा एक आक्षेप आम्हाला मान्य आहे. ज्याला त्या 'माझी स्टाइल' म्हणतात ती त्यांची नसते. ती सेऊलच्या बाजारपेठेतून आलेली असते आणि तालुक्यातल्या पन्नास मुलींच्या अंगावर सारखीच असते. काळा टी-शर्ट हाही गणवेषच. हे आम्ही त्यांना वर्गात सांगतो, आणि त्या रागावतातही. पण ज्यांनी भित्तिपत्रकासाठी आलेल्या कविता वाचल्या आहेत त्यांना अनुकरणाचे भय वाटू नये. सतराव्या वर्षी लिहिलेली कविता कोणाची तरी नक्कलच असते; कधी ग्रेस, कधी ढसाळ, कधी नुसतेच चित्रपटगीत. ती वाचून कवीला कोणी वर्गाबाहेर काढत नाही. 'ही ओळ तुझी नाही, ही मात्र तुझी आहे' असे सांगतो, आणि पुढची कविता मागतो. मुलीच्या केसांच्या बाबतीत आईला इतपत रसिकता दाखवता येईल का? निळी बट वाईट दिसते असे जरूर म्हणावे. ती खरोखरच वाईट दिसत असेल. दिसण्याविषयीचे मत दिसण्याविषयीच राहिले तर मुली ते ऐकून घेतात, वादही घालतात. त्याचे रूपांतर चारित्र्याच्या दाखल्यात झाले की त्या गप्प होतात.

आयांशी बोलताना आम्ही अलीकडे एवढेच सुचवतो की, एकदा भीतीचे नाव घेऊन बोलून पाहा. अमुक रस्ता, अमुक वेळ, अमुक माणूस. काहीजणी तसे बोलल्या. त्यांतल्या एका घरी मुलीने उत्तर दिले की त्या रस्त्याने ती चार महिन्यांपूर्वीच जायचे सोडले आहे. आईला पत्ता नव्हता. टी-शर्टाचे भांडण त्या घरी अजून चालूच आहे. एका आईने तक्रार सगळी सांगून झाल्यावर, उठता उठता, मुलीचे केस कापणाऱ्या पार्लरचा पत्ता विचारला. मोठ्या बायकांचेही कापतात का, एवढेच तिला हवे होते.

वडिलांविषयी फार लिहिता येत नाही, कारण ते भेटत नाहीत. 'यांना अजून सांगितलेलं नाही' या वाक्यात ते असतात. मुलीची कापलेली वेणी वडिलांना दिसू नये म्हणून आईच तिला महिनाभर डोक्यावरून ओढणी घ्यायला लावते, आणि त्याच महिन्यात आमच्याकडे येऊन मुलीला समजावायला सांगते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर वडिलांची सही असते, पालकसभेच्या वहीत नसते. या वर्षीच्या सूचनेत 'वडिलांनीही उपस्थित राहावे' हे वाक्य आम्ही जाड अक्षरांत छापून घेतले आहे. गेल्या वर्षीही छापले होते. चौघे आले होते, त्यांतले दोघे सभा सुरू होण्यापूर्वी गेले.